‘विश्वाहून जुना तारा’: फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

तूळ तारकासमूहातला एचडी १४०२८३ हा तारा विश्वाच्याही आधी जन्मला, म्हणून महास्फोटाचा सिद्धांत कोसळला, असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

२०१३ साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्याचे वय १४.४६ अब्ज वर्षे निघाले, हे खरे. पण त्यापुढचे ‘०.८ अब्ज कमी-अधिक’ संदेशात सरळ गाळले आहे! विश्वाचे वय १३.८ अब्ज, म्हणजे त्या मर्यादेतच.

शिवाय ताऱ्याचे वय थेट मोजता येत नाही. त्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून मिळणाऱ्या पट्ट्यातल्या, म्हणजे वर्णपटातल्या, काळ्या रेषांवरून मूलद्रव्यांचे प्रमाण काढतात आणि ते धरून वयाचे गणित मांडतात. या ताऱ्यात लोह सूर्याच्या सुमारे अडीचशेव्या हिश्शाइतकेच आहे. त्यातही ऑक्सिजन कळीचा: तो थोडा जास्त धरला की वय खाली येते. नंतरच्या एका गणितात ते १२ अब्जांच्या आसपास आले.