फी श्रावणात, कापूस दिवाळीला

परवा पुतणीला घेऊन पुण्याला गेलो होतो. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, इंजिनिअरिंगला नंबर लागला पोरीचा. घरात आनंदीआनंद. त्यात फी माफ! ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार (सरकारी आदेश) ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी निम्मीच माफ होती. निर्णय चांगला आहे. ज्याला त्याला शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही.

पण खिडकीवर काय ऐकलं? "आधी पूर्ण फी भरा, महाडीबीटीचे पैसे आले की परत देऊ." महाडीबीटी म्हणजे सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. जीआरची प्रिंट दाखवली. साहेबांनी ती वाचलीही नाही. अर्धा दिवस भांडल्यावर शिक्षण फी सुटली. मग विकास शुल्क, डिपॉझिट, खोलीचा ॲडव्हान्स, मेस. यातलं काहीच माफीत बसत नाही.

माझा मोठा भाऊ (जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडचा कोरडवाहू कपाशीवाला) तिथं हात जोडून म्हणाला, "भाऊ, कापूस इकायना का लगेच भरी देसू." म्हणजे कापूस विकला की लगेच भरतो. खिडकीतला हसला. त्याला वाटलं, हा टाळतोय.

टाळत नव्हता हो. आपल्याकडं जून-जुलैत बियाणं, खत, निंदणी यात घर रिकामं होतं. पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास, हातात पैसा दिवाळीला. आणि ॲडमिशन कधी? नेमकी जुलै-ऑगस्टात. हे गावच्या विकास सोसायटीला, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेला, कळतं. ती खरिपाला कर्ज देते आणि ३१ मार्चच्या आत भर म्हणते. सोसायटीचा सचिव काही फार शिकलेला नसतो, पण त्याला हंगाम ठाऊक असतो. फीचा निम्मा हप्ता नोव्हेंबरात, उरलेला फेब्रुवारीत घेतला तर कॉलेजचं काय बिघडेल?

काही जण म्हणतील, जळगावला विद्यापीठ आहे की. आहे, आणि १९९० साली ते झालं म्हणून माझ्यासारख्यांच्या पदवीवरचा पुणे विद्यापीठाचा शिक्का गेला. बारावीपर्यंत पोरींना एसटीचा पास फुकट, तेवढ्यावर पुतणी इथवर आली. पण तिला हवी ती शाखा, हवं ते कॉलेज पुण्यातच मिळालं, तर तिनं जाऊ नये का? खेड्यातल्या पोरीनं जवळचंच निवडावं, हा नियम कोणी केला?

तिच्या भावाचा गेल्या वर्षी नंबर लागला होता. मुलांना निम्मीच सवलत. निम्मी फी आणि वर राहण्याचा खर्च, दोन्ही एकदम जमेना. तो आता सुरतेला कापड मार्केटात आहे. घरी फोन करतो तेव्हा त्या कॉलेजचा विषय कोणी काढत नाही.

यंदा पोरीसाठी भावानं व्यापाऱ्याकडून उचल घेतली. भाव व्यापारी सांगेल तो. शेतात कपाशीला अजून फुलपात्या धरताहेत, आणि तो कापूस विकून झालाय.