कण्या शिजायला वीस मिनिटं!
कोर्टात घडणाऱ्या विनोदी सिनेमांवरच्या एका लेखात 'माय कझिन विनी'चं नाव वाचलं आणि काल बघितला एकदाचा, १९९२चा पिक्चर नि मी आत्ता बघतेय 😅 गिरगावात आमच्या दीड खोलीत रात्री एक वाजता तोंडावर उशी दाबून हसत होते, आई दचकून उठली. साक्षीदार म्हणतो पाच मिनिटांत नाश्ता केला, तर वकील विनी झालेला नट जो पेशी थेट मक्याच्या कण्यांवरच घसरतो, कण्या खाणाऱ्या अख्ख्या जगात त्या शिजायला वीस मिनिटं लागतात मग तुझ्याच चुलीवर काय जादू? आमची आजी उलटतपासणी अश्शीच घेते. आणि विनीची होणारी बायको झालेली मारिसा टोमेई टायरच्या खुणांवरून गाडी ओळखते तो सीन तीनदा बघितला, ऑस्कर उगाच नाही दिलं बाईला. सुरुवात जरा रेंगाळते पण, चहा तेव्हाच टाकून घ्या.