बीपी 180 दिसलं की लगेच सलाईन?

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बीपी 180च्या वर गेलं की गोळ्यांत वेळ घालवू नका. सलाईनमधून औषध घ्या, अर्ध्या तासात 120/80 करा. दवाखाना लांब असेल तर जिभेखाली कॅप्सूल फोडा.’ यातला एकही सल्ला पाळण्याजोगा नाही.

पहिलं, तो आकडा. शिरेतून औषध द्यायचं की नाही, हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. बीपी 180/120च्या वर आहे आणि त्याचबरोबर मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे किंवा महाधमनीला (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) इजा होतेय, तर ती खरी इमर्जन्सी. छातीत दुखणं, धाप लागणं, एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं, अचानक अंधुक दिसणं, झटके येणं ही तिची लक्षणं. यातलं काहीच नसेल, तर पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं आणि पुन्हा मोजायचं. मे महिन्याच्या उन्हातून जिना चढून आलेल्या, तोंडात तंबाखू असलेल्या माणसाचं पहिलं रीडिंग वाढलेलं येणारच. पुन्हाही तेवढंच आलं, तर गोळ्यांनीच हळूहळू उतरवतात. कित्येकदा ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद केलेली असते.

अर्ध्या तासात 120/80 हा तर सगळ्यात घातक भाग. वर्षानुवर्षं बीपी चढं असलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या दाबाशी जुळवून घेतात. तो एकदम पाडला, तर मेंदूला रक्त कमी पडतं आणि ज्या लकव्याची धास्ती होती तोच होतो. म्हणून आयसीयूत लॅबेटालॉल किंवा निकार्डिपिन ही बीपी उतरवणारी औषधं शिरेतून देतानाही पहिल्या तासात सरासरी दाब (वरच्या-खालच्या आकड्यांवरून काढलेला) सहसा 25 टक्क्यांपेक्षा जास्त उतरवत नाहीत. पुढच्या 2 ते 6 तासांत 160/100च्या आसपास, आणि नॉर्मल त्यानंतर एक-दोन दिवसांत. महाधमनीचा पदर फाटला असेल तर मात्र वरचा आकडा झपाट्याने 120च्या खाली आणावा लागतो. उलट, गुठळीने झालेल्या लकव्यात, ती विरघळवण्याचं औषध द्यायचं नसेल, तर 220/120पर्यंत सहसा हातच लावत नाहीत. आजाराचं निदान झाल्याशिवाय इंजेक्शनचा हट्ट धरू नका, ते यासाठीच.

नुसत्या सलाईनने बीपी उतरत नाही. नॉर्मल सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं!

जिभेखालची कॅप्सूल म्हणजे निफेडिपिन, बीपी उतरवणारं औषध. बीपी किती कोसळेल यावर कुणाचाच ताबा राहत नाही. त्यातून लकवा आणि हार्ट ॲटॅक झाल्याच्या नोंदी आहेत. हा वापर थांबवावा, असं ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 1996 सालीच मांडलं गेलं.

वरची लक्षणं दिसली तर 108ला फोन करा आणि आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा. रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या; कुठली गोळी कधीपासून बंद आहे, हे डॉक्टर आधी विचारतील.