टेकडीवर ते फिरायला गेले नव्हते : 'हिंजवडीवासी' यांना उत्तर

विमान पडून अनोळखी बेटावर अडकलेल्या माणसांच्या 'लॉस्ट' मालिकेच्या 'पायलट' या पहिल्या भागाच्या उत्तरार्धावर मी अलीकडे लिहिलं होतं. त्याखाली 'हिंजवडीवासी' या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा. विमान पडलं की विमानापाशीच थांबायचं, बीकन (अपघात झाल्यावर आपोआप संकट-संदेश पाठवणारं यंत्र) असतो, शोधपथक येतंच, हे शाळकरी पोरालाही कळतं. ते सोडून सहा जण टेकडीवर फिरायला जातात आणि लेखक त्याला शहाणपण म्हणतात. ध्रुवीय अस्वलाचा प्रसंग हास्यास्पद आहे. टेकडीवर जे कळलं ते बाकीच्यांपासून लपवणं हा शुद्ध खोटेपणा आहे आणि लेखक त्याची भलामण करतात. लेख फार लांबला आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं : "सोलापुरात बसून विमान अपघातावर प्रवचन देण्याआधी एकदा तरी विमानात बसा."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, सरळ सांगतो. मतभेद मला चालतात. या ब्लॉगवर माझ्याशी कडाडून भांडलेले वाचक आहेत आणि त्यातले काही आज घरी येऊन चहा पिऊन जातात. पण तुम्ही लेखाशी भांडला नाहीत, माझ्या गावाचा पत्ता काढलात. टोपणनावावरून आणि लिहिण्याच्या ढंगावरून तुम्ही मूळचे इकडचेच वाटता. 'कडक भाकरी' हा शब्द तुम्ही ज्या सहजतेने वापरलाय तो बाहेरच्या माणसाला सुचत नाही. मग जास्तच वाईट वाटतं. गाव सोडून गेलेल्या माणसाने गावात राहिलेल्याला अडाणी ठरवायचं, ही कुठली रीत?

आणि विमानाचं म्हणाल, तर होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून या गावात जेवढं रण माजलं तेवढं क्वचितच कुठे माजलं असेल. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडायची की ठेवायची, यावर वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२३ च्या जूनमध्ये ती पडली, २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. विमान उतरायला मोकळी वाट का लागते, यावर सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यावरही तासभर चर्चा ऐकायला मिळेल. मी विमानात बसलो की नाही हा मुद्दाच नाही. बसलोय. पण खिडकीशेजारी बसून सँडविच खाल्ल्याने शोध आणि सुटका यातलं काही कळतं, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आता तुमचं मुख्य वाक्य. विमानापाशीच थांबायचं.

नियम म्हणून तो खराच आहे. विमानाचा सांगाडा आकाशातून माणसापेक्षा लवकर दिसतो, सावली मिळते, सामान मिळतं, म्हणून तसं शिकवतात. मी लेखात हा नियम नाकारला नव्हता. पण त्या नियमाला एक अट आहे आणि ती तुम्ही गिळून टाकलीत : शोधणारा योग्य जागी शोधत असला पाहिजे.

या भागाच्या पूर्वार्धात काय घडतं ते आठवा. वाचलेल्यांपैकी डॉक्टर जॅक, केट आणि चार्ली कॉकपिटपर्यंत जातात. तिथे वैमानिक जिवंत सापडतो आणि मरण्याआधी सांगतो, की सिडनीहून निघून सहा तास झाल्यावर रेडिओ बंद पडला. आपण कुठे आहोत हे कोणालाच दिसत नव्हतं, म्हणून फिजीकडे वळलो, आणि विमान हेलकावे खाऊ लागलं तोवर ठरल्या मार्गापासून हजार मैल बाजूला आलो होतो. शोध चुकीच्या जागी चाललाय. हे केटने स्वतःच्या कानांनी ऐकलंय आणि टेकडी चढणाऱ्या सहा जणांत केट आहे. हजार मैल म्हणजे सोलापूरहून निघून दिल्लीच्या पुढे. दिल्लीच्या पुढे पडलेल्या माणसाला तुम्ही पंढरपूरच्या वाळवंटात शोधत असाल, तर त्याने सांगाड्यापाशी कितीही शिस्तीत बसून काय उपयोग?

शिवाय सगळे गेले कुठे? विमानातल्या जखमी मार्शलपाशी, म्हणजे अमेरिकी पोलीस अधिकाऱ्यापाशी, जॅक थांबला. चाळीसच्या आसपास माणसं किनाऱ्यावरच आहेत, जाळ पेटवून बसलेली. तुमचा नियम त्यांनी पाळलाच आहे. फक्त सहा जण ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा-ऐकायचा बिनतारी सेट, घेऊन वर गेले. हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. भाग नीट बघून लिहायला हवं होतं.

टेकडीच का? इथे मला घरचं सांगावं लागतंय. माझे वडील पोलिसांच्या बिनतारी विभागात होते. सेट, एरियल, रिपीटर हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकलो. त्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये टेकाड आलं की आवाज कापला जातो. आपला भाग सपाट, पण खोलगट जागेत गाडी उतरली की सेटवर नुसती खरखर. अशा वेळी वडील काय करायचे ते मी पाहिलंय : खाली उतरून मिळेल त्या उंचवट्यावर चढायचे, एरियल उभं धरायचे, बटण दाबून दोन शब्द बोलायचे, लगेच सोडायचे आणि कान लावून थांबायचे. लगेच सोडायचे, कारण ऐकायला बॅटरी थोडी लागते, बोलायला भरपूर. बटण दाबून धरलं की सेट मरतो.

आता त्या सहा जणांतल्या सय्यदकडे बघा. तो इराकी रिपब्लिकन गार्डमध्ये संदेशवहन अधिकारी होता, हे तो हर्लीला याच भागात सांगतो. वाटेत सॉयर त्याच्यामागे लागतो की आत्ताच सेट चालू कर. सय्यद ठाम नाही म्हणतो, बॅटरी वाया जाईल. तुम्हाला हे 'उगाच ताणलेलं भांडण' वाटलं. मला वडिलांचा अंगठा दिसला. लिहिणाऱ्यांनी हे बारीक काम केलंय, त्याचं कौतुक करायला मला कोणाची परवानगी नको. वर पोचल्यावर सेटला सिग्नल मिळतो, पण यांचा आवाज बाहेर जात नाही, कारण त्याच लहरींवर दुसरंच काहीतरी आधीपासून चालू आहे : एका बाईचा फ्रेंचमधला मदतीचा संदेश, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी एक आकडा पुढे. शॅनन अर्थ लावते, सय्यद आकड्यांवरून हिशेब मांडतो. सोळा वर्षं आणि पाच महिने. बॅटरी संपते. टेकडी चढली नसती तर हे कळलं असतं? किनाऱ्यावर जाळाभोवती बसून महिना काढला असता आणि रोज विमानाची वाट पाहिली असती.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापुरातही लोक अंथरुणातून रस्त्यावर आले होते. वडील त्या पहाटे ड्युटीवर गेले ते परतले तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. जखमींना आणायला गाड्यांची रीघ लागली होती, कुठली गाडी कुठे पाठवायची हे सेटवरूनच ठरत होतं. तुम्ही म्हणाल याचा इथे काय संबंध. संबंध आहे. किल्लारी, सास्तूरची माणसं ढिगाऱ्यापाशी थांबली ते बरोबरच होतं, कारण किल्लारी कुठे आहे ते नकाशावर होतं. उशिरा का होईना, मदत त्या रस्त्याने येणार होती. ज्याचा पत्ता कोणाकडेच नाही त्याने पत्ता कळवायची धडपड करायला हवी. एवढंच मी लेखात म्हटलं होतं, आणि ते मी पुस्तकातून उचललेलं नाही.

बीकनचं तर तुम्ही इतक्या आत्मविश्वासाने लिहिलंय की दोन उदाहरणं द्यावीच लागतील. २०१९ च्या ३ जूनला हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालं. १३ जण होते, मार्ग ठाऊक होता, अंतर थोडं. हेलिकॉप्टरं, विमानं, उपग्रह, डोंगरात पायी जाणाऱ्या तुकड्या, सगळं लावलं, तरी अवशेष दिसले ११ जूनला. त्याआधी २०१६ च्या २२ जुलैला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२, २९ जणांसह, बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. त्याचे अवशेष समुद्राच्या तळाशी मिळाल्याचं जाहीर झालं २०२४ च्या जानेवारीत. आपल्याकडे बंगळुरूला इस्रोचं केंद्र आहे, उपग्रहांवरून असे संकट-संदेश टिपायची जगभरची व्यवस्था आहे, मला ती ठाऊक आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवलेत. पण बीकन आदळून मोडतो, पाण्यात बुडतो, एरियल तुटतं. 'शोधपथक येतंच' हे वाक्य त्या घरांत जाऊन म्हणून दाखवा.

आणि थांबलेल्यांचंच उदाहरण हवं असेल तर अँडीजचं घ्या. १३ ऑक्टोबर १९७२, उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान, ४५ जण, त्यात रग्बीचा संघ. ते तुमच्या नियमाप्रमाणे सांगाड्यापाशीच राहिले. शोधणारी विमानं वरून गेली, पण पांढऱ्या बर्फात पांढरा सांगाडा दिसला नाही. आठ दिवसांनी शोध थांबवला आणि ती बातमी त्यांनी छोट्या ट्रान्झिस्टरवर ऐकली. त्यानंतर हिमस्खलनात आणखी आठ गेले. शेवटी डिसेंबरात पारादो आणि कानेसा चालत निघाले, गिर्यारोहणाचं सामान नाही, दहा दिवस डोंगर तुडवून चिलीच्या बाजूला एका गुराख्यापर्यंत पोचले. सोळा जण वाचले. बहात्तर दिवसांनी. ते दोघं फिरायला गेले होते का?

'फिरायला' हा तुमचा शब्द आहे, म्हणून पुन्हा पुन्हा वापरतोय. मालिकेतली माणसं खोटी, मान्य. पण मरणाच्या दारातून उठून डोंगर चढलेली खरी माणसं जगात होऊन गेलीत आणि असा शब्द फेकताना थोडा विचार करायला हवा होता. माझ्या लेखाला काहीही म्हणा, मी सहन करीन. हे मात्र मला सहन झालं नाही.

अस्वलाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. उष्ण कटिबंधातल्या बेटावर ध्रुवीय अस्वल धावून येतं, सॉयर गोळ्या घालतो, आणि पुढे ट्रान्सीव्हरपर्यंत पोचेतो प्रसंगाचा ताण विस्कटतो. मालिकेला गूढ पेरायचं होतं, ते मला कळतं, पण या भागापुरतं बोलायचं तर ते अस्वल नसतं तर बरं झालं असतं. तुमचा हा मुद्दा चांगला आहे.

लेख लांबला म्हणता. लांबला. विषय तेवढा होता.

राहिलं लपवण्याचं. उतरताना रात्री जाळाभोवती सय्यद म्हणतो की खाली हे सांगायला नको, आशा काढून घ्यायला नको. हे पुढच्या भागात येतं. याची भलामण मी केलेली नाही, मला तो निर्णय समजतो एवढंच लिहिलं होतं, आणि केट खाली आल्यावर जॅकला खरं सांगते हेही लिहिलं होतं. लेख परत वाचा. समजून घेणं आणि पाठ थोपटणं यात फरक असतो, तो मी दर वेळी फोड करून सांगत बसणार नाही.

त्यापेक्षा तुम्ही मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या. वैमानिकाने सांगितलंय की शोध हजार मैल दूर चाललाय. हातातल्या सेटची बॅटरी संपत आलीय. समोर टेकडी आहे, किनाऱ्यावर जखमी आहेत, जाळ पेटलेला आहे आणि तो सांभाळायला माणसं आहेत. तुम्ही काय केलं असतं? 'थांबलो असतो' असं उत्तर असेल तर का थांबला असता ते लिहा. कानामात्रा न बदलता इथे छापीन. नावाने लिहिलंत तर अधिक बरं.