कागदपत्रं पूर्ण असलेली गाडी

मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला एक फोड आला होता. नखाएवढा. “रविवारी सकाळी खरवडतो, संध्याकाळी रंग मारून मोकळा,” असं मी म्हणालो. हिने “कुठला रविवार?” असं विचारलं, तो टोमणा होता हे मला सात रविवारांनंतर कळलं.

फोड दाबला तर करकरला. म्हणून स्क्रू ड्रायव्हरने हळूच टोचलं. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर येताना ओंजळभर तपकिरी भुगा घेऊन आला. इथला गंज आतून बाहेर येतो. चाकाने उडवलेला चिखल कमानीच्या बेचक्यात साचतो, पाणी निथळायची भोकं बुजतात आणि तो ओला लेप वर्षानुवर्षं पत्रा खात बसतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला फुगवतो. थोडक्यात, वरचा फोड हा निकाल. परीक्षा आत कधीच होऊन गेलेली.

नुकसान किती ते बघायला फ्रिजवरचं बदकाचं लोहचुंबक आणलं. पत्र्याला चुंबक चिकटतो, लांबीला, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीला, नाही. बदक दारावरून ऐटीत चिकटत आलं आणि कमानीवर पोचताच धप्पकन खाली पडलं. वीतभर पुढे लावलं, पडलं. आणखी वीतभर, पुन्हा पडलं.

ग्राइंडरला तारेचं चाक लावून खरवडायला घेतलं. आधी बोटभर जाडीची लांबी निघाली, तिच्याखाली तारेची जाळी आणि जाळीमागे कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. आधीच्या मालकाच्या सात पिढ्यांचा मी तिथेच उद्धार केला. लबाड माणूस! लांबी भरून गाडी विकतो!

हिने बोळा दोन बोटांत धरून पाहिला. “कागदपत्रं पूर्ण आहेत असं ते म्हणाले होते ना? ती हीच का?”

आपण मात्र काम पद्धतशीर करायचं ठरवलं. बॅटरीच्या तारा सोडल्या, जवळच असलेली पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेली. मग चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. पण चांगला पत्रा नेहमी दोन बोटं पुढेच असतो. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचं म्हणतात, त्यातलं आभाळ मला आता आकारमानासह माहीत आहे. मधे एका संध्याकाळी पत्रा आरशासारखा चकचकीत करून, प्रायमर न मारता अभिमानाने झोपायला गेलो. सकाळी त्याच्यावर केशरी छटा चढली होती. उघड्या लोखंडाला दमट हवेची एक रात्र पुरते. मग फॉस्फरिक आम्लाचं गंजमारक द्रावण लावून पुन्हा पहिल्यापासून.

वेल्डिंगची तर निराळीच कथा. पत्रा जेमतेम ०.८ मिलीमीटरचा. एक टाका इथे, दुसरा पार तिकडे, मधे थंड होऊ द्यायचं, असं करत जायचं असतं. पहिले सहा टाके मी तसेच मारले. सातव्याला संयम सुटला, सलग शिवण घातली आणि सपाट ठिगळाला माझ्या डोळ्यांदेखत लाट आली. ती घालवायला जरा जास्त उष्णता दिली, तर भोक पडलं. भोक बुजवताना शेजारी दुसरं.

शेवटी लांबीचा डबा उघडला. नाइलाज. ती घट्ट करणारा हार्डनर तिच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास घालायचा असतो. मी अंदाजाने घातला आणि पहिला गोळा पात्यावरच दगड झाला. दुसरा नीट बसला. ८०चा पॉलिश पेपर, मग १८०, मग ३२०. प्रायमर, रंग. कमान अशी गुळगुळीत झाली की मीच तिच्यावरून चार-चारदा हात फिरवत होतो.

ही बाहेर आली. हातात बदक.

मी काही बोलायच्या आत तिने ते कमानीवर टेकवलं आणि हात काढला. बदक क्षणभर थांबलं, जरा विचार केल्यासारखं. मग अगदी सावकाश, नव्या रंगावरून घसरत घसरत खाली आलं.

“अहो,” ती म्हणाली, “आत कागद तर नाही ना भरलात?”

“नाही,” मी म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं.