पाळीव प्राणी: अळ्या, संख्या: चिकार

काल संध्याकाळी मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या डायनिंग टेबलवर बसून, स्वतःच्या पेनाने सोसायटीचा 'पाळीव प्राणी नोंदणी अर्ज' भरला. आमच्याकडे कुत्रा नाही, मांजर नाही, पोपट नाही, फिशटँक होता तो पण दिरांना देऊन टाकला. जे काही आहे ते बाल्कनीत काळ्या कापडी पिशवीत आहे, आणि अर्जात फोटो चिकटवायला चौकोन आहे.

पिशवीचं पटकन सांगून टाकते. नर्सरीत ग्रो बॅग मिळते ना, जाड नॉन-वोव्हन कापडाची, दोन बाजूंना हँडल, तीच. तिच्यात मी घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करते. दोन विटांवर ठेवलीये. त्यात मेथीच्या काड्या, कांद्याची टरफलं, धुतलेला चहाचा चोथा वगैरे टाकायचं, त्यावर त्याच्या दुप्पट वाळका पाला, अधूनमधून आंबट ताक शिंपडायचं आणि आठवड्याने खुरप्याने वरखाली करायचं. कापडाला चहूबाजूंनी हवा लागते आणि जादा पाणी झिरपून जातं, त्यामुळे प्लास्टिकच्या डब्यात तळाला साठतं तसलं काळं पाणी आणि तो जीवघेणा वास, हा प्रकार नाही. उन्हाळ्यात मात्र कडेने खडखडीत वाळतं, पाणी मारत बसावं लागतं. मुठीत दाबलं तर ओल लागली पाहिजे पण थेंब गळता कामा नये, की जमलं. पाला आमच्या वॉचमनदादांकडून आणते. नाहीतर ते तो कोपऱ्यात पेटवतात, जे बेकायदेशीर आहे, पण त्या धुराबद्दल आजतागायत कोणाला अर्ज भरावा लागलेला नाही. असो.

आता अळ्या. त्या मी आणत नाही, त्या येतात. ब्लॅक सोल्जर फ्लाय (बीएसएफ) नावाची एक माशी असते, घरमाशीसारखी जेवणावर बसत नाही, ती कचऱ्याच्या आसपास अंडी घालते आणि मग ज्या अळ्या होतात त्या इतक्या खातात की बघत राहावं. फणसाच्या चारखंडाचा कुजून लगदा झालेला असतो, तोही फस्त. कंपोस्टवाल्या लोकांमध्ये 'तुमच्याकडे बीएसएफ आल्या का' असं कौतुकाने विचारतात, बारशाला विचारावं तसं. अडचण एकच, अळी पोटभर खाऊन तयार झाली की काळपट होते आणि कोरडी जागा शोधत पिशवीतून बाहेर चालू पडते. एखादी भिंतीवरून खालीही जाते. खाली काका राहतात.

काका सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेत. खरं तर निवृत्त फक्त खातं झालंय, काका चालूच आहेत. काल सकाळी बेल वाजली, दारात काका, हातात होमिओपॅथीच्या गोळ्यांची छोटी बाटली. बाटलीत एक अळी. बाटलीला पट्टी चिकटवलेली, त्यावर बारीक अक्षरात तारीख, वेळ आणि 'द. बाल्कनी, पेपरवर'.

"मॅडम, ही वस्तू तुमची का?"

"काका, ही अळी आहे."

"अळी आहे हे मलाही दिसतंय. तुमची आहे का ते विचारतोय."

आता काय सांगणार. तशी ओळखीची वाटत नाही म्हटलं तर उगाच आगाऊपणा झाला असता. मी म्हटलं, असेल आमच्याकडची. काकांनी तिथेच दारात उभं राहून डायरीत 'मान्य' असं लिहिलं. मग आत आले, चपला नीट जोडून ठेवल्या, आणि चौकशी सुरू.

"चावते?"

"नाही."

"डंख?"

"नाही हो."

"आणि माशी झाल्यावर?"

"तेव्हा तर खातसुद्धा नाही काका. अळी असताना जे खाल्लं त्यावरच उरलेले दिवस काढते."

काका थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिले. "म्हणजे पेन्शन," म्हणाले. तेवढं एक क्षणभर आमचं जुळलं. मला वाटलं संपलं आता, सासूबाई चहाचं विचारायला पुढे झाल्या, तेवढ्यात काकांनी शबनममधून तो अर्ज काढला. गेल्या वर्षी बी विंगमध्ये कुत्र्यावरून जो राडा झाला होता त्यानंतर कमिटीने हा फॉर्म काढलाय, दोन पानी, शेवटी सही आणि साक्षीदार.

"पाळीव नाहीयेत काका त्या."

"तुमच्या जागेत राहतात?"

"हो, पण..."

"तुम्ही खायला घालता?"

"कचरा!"

"घालता ना? मग पाळीव."

ह्याला उत्तर नाही. मी रात्रभर विचार केला, अजूनही नाही. जात ह्या रकान्यात मी ब्लॅक सोल्जर फ्लाय लिहिलं तर काका म्हणाले, सोल्जर आहे म्हणता तर शिस्त कुठाय, परवानगीशिवाय माझ्या हद्दीत कशी आली? लसीकरण, लागू नाही. गळ्यात पट्टा, लागू नाही. लिफ्टमधून नेताना सर्व्हिस लिफ्ट वापरणार का, तर म्हटलं काका त्या लिफ्ट वापरत नाहीत, भिंतीवरून जातात, तोच तर सगळा घोळ आहे ना. "मग तसं लेखी द्या." संख्येला मात्र गाडी अडली. मी म्हटलं मोजल्या नाहीत. अंदाजे? अंदाजे शेकडो. "शेकडो हा आकडा नाही, मॅडम." शेवटी सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, चिकार लिही गं, आणि घरात उकिरडा करायचा नाही म्हणून मी आधीच सांगितलं होतं. सासूबाई साताऱ्याकडच्या, त्यांच्या माहेरी उकिरडा गोठ्यामागे असायचा, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचा उकिरडा त्यांना तत्त्वतःच मान्य नाही. खत मात्र कढीपत्त्याला चालतं.

मी चिकार लिहिलं. काकांनी पुढे कंसात 'अंदाजे' घातलं.

मग काका बाल्कनीत जाऊन पिशवीची पाहणी करत होते, काठीने हलकेच टोचून. "हिला सगळीकडून बारीक भोकं आहेत." मी म्हटलं काका तोच मुद्दा आहे, आणि मला उगाच स्फुरण चढलं, मी त्यांना नाडेप सांगायला लागले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून नाडेप, साध्या विटांचा हौद, साधारण दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, आणि भिंतीत मुद्दाम विटांमध्ये भोकं सोडायची म्हणजे आतल्या काडीकचऱ्याला हवा मिळते, थोडंसं शेण आणि तीन-चार महिन्यांत ढीगभर खत. देशभर शेतकऱ्यांनी बांधलं. थोडं शेण, फार खत, ह्यातली हुशारी बघा ना, ज्याच्याकडे दोनच जनावरं त्यालाही जमेल. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते शेतात. हे वारजे आहे."

इथपर्यंत मी हसत होते. खरंच. पण जाताना ते म्हणाले, "सोसायटीची स्वतःची कचऱ्याची व्यवस्था असताना हे खाजगी उद्योग कशाला?", आणि तिथे माझं डोकं फिरलं.

कुठली व्यवस्था? जनरेटरच्या मागे गांडूळखताचे हौद आहेत, बिल्डरने बांधून दिलेले, त्यात सध्या फुटक्या टाइल्स, एक जुनं कमोड आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू आहेत. गांडूळखतावर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सूट देते, त्यासाठी एकदा हौदांचे फोटो काढल्याचं मला स्वच्छ आठवतंय. त्या गांडुळांचा अर्ज कोणी भरला? २०१६ च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट होतं, ५००० चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. आमची त्यात बसायची. आणि आम्ही काय करतो, तर हिरवा डबा, निळा डबा, दोन्हीवर सुंदर स्टिकर, आणि लोक दोन्हींत काहीही टाकतात. वरणभात, डायपर, काच, निर्माल्य, सगळं एकत्र. सकाळी कचरा घ्यायला ज्या मावशी येतात त्या खाली बसून हाताने ते वेगळं करतात. हाताने. मी एकदा बघितलं, कोणीतरी सॅनिटरी पॅड कागदात न गुंडाळता तसंच टाकलेलं, त्यांनी काही न बोलता ते बाजूला काढलं. ह्यासाठी आपल्याकडे फॉर्म नाही. पुण्याचा कचरा डेपो ज्यांच्या दारात, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपला कचरा इतकी वर्षं नाकाशी सोसला, गाड्या अडवल्या, आंदोलनं केली, तेव्हा आपण पेपरात वाचून 'कचराकोंडी' म्हणत चहा प्यायलो. आणि इथे एक अळी एका पेपरवर चढली तर पंचनामा.

हे सगळं मी काकांना म्हणाले असते. प्रत्यक्षात मी "बघते काका" म्हणाले, कारण सासूबाई समोर होत्या आणि काकांनी चहा संपवला होता. नवरा संध्याकाळी आल्यावर म्हणाला, कशाला वाद घालतेस, भर ना उरलेला फॉर्म. ह्या घरात 'कशाला वाद' हे वाक्य एक माणूस बोलतो आणि फॉर्म मात्र दुसरं माणूस भरतं. भरला. फोटोच्या चौकोनात पिशवीचा फोटो लावलाय, समोरून आणि बाजूने.

पिशवीच्या खाली मी आता रुंद ट्रे ठेवलाय, कडेने कोरडा भुसा पसरलाय, म्हणजे बाहेर पडणारीला कोरडी जागा तिथेच मिळेल आणि खाली जायचं कारण उरणार नाही. चालतंय. पण ग्रुपवर येत्या रविवारच्या मीटिंगचा अजेंडा आलाय आणि त्यात 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' ह्याच्या खाली 'तिसऱ्या मजल्यावरील कापडी पिशवी' असं आधीच छापलेलं आहे, आता ऐनवेळचा विषय चार दिवस आधी कसा छापतात हे कमिटीलाच माहीत. नेहमीप्रमाणे कोरम भरणार नाही, मग अर्ध्या तासाने तीच मीटिंग त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरेल, मग समोसे येतील, कागदी प्लेटमध्ये, चिंचेच्या चटणीसकट, आणि शेवटी सगळे त्या प्लेटा अर्ध्या समोशांसकट हाताला लागेल त्या डब्यात कोंबतील. तेव्हा मी उठून काकांना विचारणार आहे की ह्यातलं काय हिरव्यात आणि काय निळ्यात. उत्तर लेखी पाहिजे.