आवाज पुढे, गाडी मागे

ऑटोमॅटिक गाडी बिघडली की गिअरवाल्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. "तुमच्यात क्लचच नाही ना, मग स्लिप काय होतंय?" माझ्या गाडीचा क्लच स्लिप होतोय म्हटल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं. क्लच असतात हो, एक सोडून अनेक. तेलात बुडालेले आणि तेलाच्याच दाबावर चालणारे. दाब कमी पडला की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत, नुसत्या सरकतात. "म्हणजे फक्त पेडल वाचलं," काका म्हणाले.

कात्रजच्या चढावर तर कहर व्हायचा. आरपीएमचा काटा चार हजारांवर, इंजिनाचा टाहो, आणि गाडी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखी: आरडाओरडा भरपूर, पुढे काही नाही.

पहिल्या मेकॅनिकने बॉनेटही न उघडता "गिअरबॉक्स गेला" असं सांगितलं. त्याने काढलेल्या खर्चात अशीच दुसरी गाडी आली असती.

नाना पेठेतल्या बोळातले मिस्त्री मात्र जुन्या वैद्यांच्या जातीचे. इंजिन गरम करून, चालू ठेवून त्यांनी गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली आणि वास घेतला. मग मलाही घ्यायला लावला. लाल असायचं ते तेल काळपट तपकिरी झालं होतं, करपल्याचा वास येत होता, आणि पातळीही खाली. अ‍ॅक्सलजवळचं ऑइल सील गळत होतं. आमच्या पार्किंगमध्ये त्या तांबूस डागांपाशीच सेक्रेटरींनी 'पान खाऊन थुंकू नये' अशी पाटी लावली आहे. दोन वॉचमन उगाच बोलणी खाऊन बसले.

"तेल बदलू, पण जुन्या तेलातल्या झिजेच्या भुशावरच प्लेटा धरून असतील तर नव्या तेलात गाडी जागची हलणार नाही," मिस्त्री म्हणाले. संमतीपत्रावर सही घ्यायची तेवढी राहिली. खालचं पॅन उघडलं. आतल्या चुंबकावर राखाडी चिखल. "हे चालतं. चकचकीत तुकडे असते तर मी हात जोडले असते." फिल्टर नवा, सील नवं. तेल मात्र एका दमात निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या तेलाच्या डब्यात, दडून बसतं. म्हणून भरा, फिरवा, पुन्हा काढा. लिटरचा भाव बघून मी बायकोला गोडेतेलाबद्दल बोलणं सोडून दिलं.

आता गाडी चढ चढते. कुरकुरत, पण चढते.

"किती दिवस चालेल?" मी विचारलं.

"चालेल तोवर चालवा. मग विकून टाका."

"असली गाडी घेणार कोण?"

मिस्त्रींनी हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "सापडतो की कोणीतरी. मागच्या मालकाला नाही का सापडला?"